ऐकलेली गोष्ट

"पण बाबा, त्याला सगळं आठवतं. मग माणसं त्याच्यावर का रुसतात?"

खुलताबादच्या टेकडीवर फकीर नूरशाह सकाळचं ऊन खात बसले होते. विचारणारी होती ऋजुता देवस्थळी, पुण्याची इंजिनिअर.

फोनमधून माणसांशी बोलणाऱ्या एआय मदतनिसाला तिनं स्मरण दिलं होतं. आधी त्याची प्रत्येक भेट कोऱ्या पाटीवरून सुरू व्हायची. आता तो ऐकलेलं टिपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी ते वाचूनच तोंड उघडायचा. खूप कौतुक झालं. मग एकेक करत म्हातारी माणसं ते स्मरण बंद करायला लागली. हे ठेवायचं की काढून टाकायचं, हे तिच्या ऑफिसातले साहेब सोमवारी ठरवणार होते.

"दाखव," बाबा म्हणाले. मागच्या भेटीत त्यांनी याच फोनशी मनसोक्त गप्पा मारल्या होत्या.

ते फोनकडे वाकले. "अरे ऐक, एकदा काय झालं, एका बकरीनं माझी टोपी..."

"बाबा, ही गोष्ट तुम्ही मागेच सांगितलीत," फोन अदबीनं म्हणाला. "बकरीनं टोपी खाल्ली आणि तुम्ही उघड्या डोक्यानं बाजारात गेलात."

"बघा! काही म्हणून चुकलं नाही." ऋजुताचा चेहरा फुलला होता.

"नाही चुकलं..."

बाबांनी फोन तिच्याकडे सरकवला.

तेवढ्यात गावातले म्हातारे गफूरचाचा धापा टाकत टेकडी चढून आले. पाव बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि बसायच्या आधीच सुरू झाले, "बाबा, माझ्या लग्नात काय झालं माहितीय?"

"काय झालं?" बाबा सरसावून बसले.

"घोडा बिथरला! मला घेऊन थेट दुसऱ्याच वरातीत घुसला. तिथली माणसं मला हार घालायला लागली. आणि मग... मग ते..."

चाचा अडकले. कपाळ चोळायला लागले.

"तुझ्या अब्बाची बहीण, ती फुफी, कुठं होती तेव्हा?" बाबांनी विचारलं.

"हां! फुफी!" चाचांनी मांडीवर थाप मारली. "फुफी चप्पल हातात घेऊन मागनं पळत आली. म्हणाली, नवरा परत द्या, घोडा ठेवा!"

बाबा हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चाचाही हसत हसत टेकडी उतरून गेले.

"ही गोष्ट तुम्ही पहिल्यांदा ऐकलीत?" ऋजुतानं विचारलं.

"दर जुम्म्याला ऐकतो."

"म्हणजे... फुफी तुम्हाला आठवत होती!"

"तिच्या चपलेचा रंगसुद्धा आठवतो."

ऋजुता बघत राहिली. मग तिला असं हसू फुटलं की आवरेना. हसतच तिनं ऑफिसला फोन लावला. "साहेबांना सांगा, स्मरण राहू दे. 'हे तुम्ही मागेच सांगितलंत' हे वाक्य तेवढं काढून टाका. आणि माणूस कुठं अडकला, तर त्याला पुढचं विचारायला शिकवा."

फोन ठेवून ती बाबांकडे वळली.

"आठवण्याचं कळलं, बाबा. पण दर जुम्म्याला असं खरंखुरं हसू कसं येतं?"

बाबांनी पाव मोडला. अर्धा तिच्या हातावर ठेवला.

"घोडा तोच असतो, बेटी. गफूर दर वेळी नवा येतो."