पहिलं पान

धारप सरांकडे प्रकल्पाला शालन खरातला विसापैकी नऊ आणि मुग्धा आपटेला अठरा मार्क, हे दर सत्रात ठरलेलंच. यंदाही तेच झालं, तेव्हा शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रकल्प घेऊन ती तडक सरांपुढे उभी राहिली.

"माझं चुकलं कुठे, सर?"

"सगळीकडे!" सरांनी पानं फडफडवली. "भाषा गावंढळ, विचाराचा पत्ता नाही. आपटेचा वाच जरा. हे रक्तातच असावं लागतं."

"तुमच्या हातात तिचाच आहे," शालन म्हणाली. "बायंडिंगआधी आम्ही दोघींनी पहिल्या पानांची अदलाबदल केली. अठरा मिळाले ते माझ्या लिखाणाला. या प्रकल्पात माझं आहे ते फक्त वरचं नाव. तर सर, अकरा मार्क कशाचे कापलेत, तेवढं लेखी द्या."