झुंबरनं महामार्ग नवा ठेवला

एका गावात झुंबर नावाचा एक भोळा गडी होता. अंगानं धडधाकट, मनानं स्वच्छ. डोक्याचं म्हणाल तर तेही स्वच्छच होतं, फारसं वापरलेलं नव्हतं.

त्याचं लग्न ठरलं होतं आणि अडलंही होतं. मुलीचे वडील सोन्याबापू सोयरीक घेऊन आले, तेव्हा गावावरून जाणाऱ्या महामार्गाच्या एका खड्ड्यात त्यांची जीप आडवी झाली आणि पुढच्या खड्ड्यात पुन्हा उभी झाली. सोन्याबापूंनी चहाची बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, "पोरगा पसंत हाये. पण हा रस्ता नवा हुईल त्या दिवशीच मंजुळेला घिऊन यीन. तवर न्हाई."

झुंबरच्या आईच्या डोळ्यांना पाणी आलं. नशिबानं त्याच सुमाराला रस्त्याचं काम निघालं, तेही टाकाऊ मालातून. लोकांनी फेकलेलं प्लास्टिक डांबरात जाणार होतं, वीजघराची राख भरावात आणि जुन्याच रस्त्याची खडी नव्या रस्त्यात.

आई म्हणाली, "झुंबऱ्या, तूबी जा कामाला. तेवढाच रस्ता लवकर हुईल अन् सून घरात यील. मुकादम शिकवील ते इसरू नको. आज शिकलास ते उद्या वापर."

"एवढंच ना? वापरतो," झुंबर म्हणाला.

कामावर रंगनाथ मुकादम होते. त्यांनी झुंबरला पोतं दिलं आणि प्लास्टिक गोळा करायला पाठवलं. झुंबरनं उकिरडे पालथे घातले. पोतं भरून आणलं आणि मुकादमांच्या पुढ्यात ओतलं. त्यात शेण होतं, माशा होत्या आणि एक बेडूक होता. बेडूक मुकादमांच्या डब्यात गेला.

"आरं येड्या, असं आणत्यात का? आणलं की आधी धुवायचं, मग वाळवायचं, मग कात्रीनं बारीक तुकडे करायचे."

"एवढंच ना? पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी त्याला साहेबांच्या कचेरीतून रस्त्याचा नकाशा आणायला धाडलं. झुंबरनं नकाशा ओढ्यावर नेला. साबण लावून धुतला. बाभळीवर वाळत घातला. मग कात्रीनं बारीक तुकडे केले आणि घमेल्यात घालून आणले.

मुकादमांनी एक तुकडा उचलून बघितला. त्यावर अर्धा पूल होता.

"आरं, कागद हाये त्यो! कागद नीट गुंडाळायचा, फडक्यात बांधायचा अन् काखेत मारून आणायचा!"

"एवढंच ना? पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी राख आणायची होती. झुंबरनं ती गुंडाळून बघितली. गुंडाळली जाईना, पण त्यानं हार मानली नाही. फडक्यात बांधली, काखेत मारली आणि निघाला. वाटेत वारा सुटला. तो पोचला तेव्हा फडकं रिकामं होतं आणि राख सगळी त्याच्या अंगावर होती. मागून चार बायका नारळ घेऊन पाया पडायला आल्या होत्या. एकीनं तर मुकादमांनाच विचारलं, महाराज मुक्कामाला आहेत का म्हणून.

मुकादमांनी कपाळावर हात मारला. "आरं, राख हाये ती! आणली की वरून बादलीभर पाणी मारायचं अन् धुमसानं चोपायचं. म्हंजी हालत न्हाई."

"एवढंच ना? पुढच्या वेळी तसंच करतो."

त्यानंतर मोठे साहेब पाहणीला आले. मुकादम म्हणाले, "झुंबर, जा, साहेबांना फाट्यावरनं घिऊन ये." साहेब गाडीतून उतरले. पांढरा सदरा, गॉगल, सगळा थाट. झुंबरनं त्यांच्यावर बादलीभर पाणी मारलं. मग धुमस उचलला. साहेब शहाणे होते. ते पळाले.

"सायेब, थांबा!" झुंबर मागून ओरडत होता. "तुमाला अजून चोपलं न्हाई!"

साहेब कामाच्या जागेवर गाडीच्या आधी पोचले.

मुकादमांचा आवाज बसला होता. ते हळूच म्हणाले, "बाळा, कुणी आलं की हार घालायचा. हात जोडायचे. या म्हणायचं अन् गरम चहा पाजायचा."

"एवढंच ना? पुढच्या वेळी तसंच करतो."

मग आलं ते रस्ता खरवडायचं यंत्र. हत्तीएवढं. झुंबरनं त्याला हार घातला, हात जोडले, या म्हणाला आणि डिझेलच्या टाकीत किटलीभर चहा ओतला. साखर जरा जास्तच घातली होती, पाहुणा मोठा म्हणून.

यंत्र दुरुस्त होईपर्यंत मुकादम त्याच्याशी बोलले नाहीत. मग मात्र त्याला शेजारी बसवून सावकाश समजावलं. "हे बघ. माणसं अन् गाड्या वरनं गेल्या, की रस्ता जुना हुतो. जुना झाला की ह्या यंत्रानं खरवडायचा. खडी बाजूला काढायची अन् त्याच खडीचा पुन्ना नवा रस्ता करायचा. कळलं?"

"कळलं. जुना झाला की खरवडायचा."

आणि काय सांगू, हे काम झुंबरला जमलं! यंत्र चालवायला तो असा शिकला की बघत राहावं. खड्ड्यांचा रस्ता निघाला, त्याच खडीत डांबर आणि प्लास्टिक पडलं आणि काळाकुळकुळीत नवा महामार्ग तयार झाला. आईनं मांडव घातला. सोन्याबापूंनी शब्द पाळला. लेकीला आणि वऱ्हाडाला बसमध्ये घालून, पुढं बँड लावून ते नव्या रस्त्यानं निघाले.

हळद लावलेला, मुंडावळ्या बांधलेला झुंबर सामोरा गेला होता. बँड त्याच्या समोरून गेला. बस गेली. नाचणारे गेले. झुंबरनं रस्त्याकडं बघितलं. माणसं वरून गेली होती. गाडी वरून गेली होती. आणि यंत्र तिथंच उभं होतं.

वऱ्हाड बँडच्या चालीनं चाललं होतं. यंत्रही मागून त्याच चालीनं येत होतं. वऱ्हाडी मंडळींना वाटलं, नवरदेवाकडचा ढोल असेल. आणखी जोरात नाचले.

मांडवाशी पोचल्यावर सोन्याबापूंनी मागं वळून बघितलं. रस्ता नव्हता. नजर पोचेल तिथवर उकरलेली काळी माती होती, कडेला खडीचे ढीग होते आणि यंत्रावर जावई बसले होते.

"हे काय केलंत?"

"मामा, तुमी त्याच्यावरनं आलात न्हवं?"

"आलो. मग?"

"मग जुना झाला की त्यो."

सोन्याबापू लालबुंद झाले. "मंजुळे, चढ गाडीत! मोडलं हे लग्न! गाडी फिरव रे!"

"फिरवतो की, बापू," ड्रायव्हर म्हणाला. "पण न्यायची कशावरनं?"

झुंबरची आई मटकन खाली बसली. मंजुळा मात्र पदराआड हसत होती. ती म्हणाली, "बापू, सांगितलेलं काम करणारा नवरा मिळतोय. आपल्या घराण्यात असा एक तरी दाखवा."

घराण्यातल्या बायकांनी माना डोलावल्या. सोन्याबापूंचं काही चालेना. लग्न लागलं.

वऱ्हाड मात्र गावातच अडकलं. गावानं आळीपाळीनं त्यांना जेवू घातलं. मुकादम आधी रडले, मग त्यांनी तीच खडी पुन्हा गोळा केली आणि पुन्हा रस्ता केला. पहिल्यापेक्षा गुळगुळीत. सोन्याबापूंनी लेकीचा निरोप घेतला, वऱ्हाड बसमध्ये भरलं आणि निघाले.

वेशीबाहेर रस्त्यावर आडव्या बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. काट्यांपलीकडं झुंबर हात पसरून उभा होता.

"जावईबापू, बाजूला व्हा. आमाला घरी जायचंय."

"मामा, रस्ता नवा हाये."

"दिसतोय की."

"तुमी गेलात की जुना हुईल. मग मला पुन्ना खरवडावा लागंल."

सोन्याबापूंनी एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा जावयाकडं. मग काकुळतीला येऊन विचारलं, "मग आमी ह्या रस्त्यानं घरी जायचं तरी कवा?"

झुंबरनं बराच वेळ विचार केला.

"जुना झाला, की लगेच जा."