टेबलाचे ठोके

चिपांना वाचा होती त्या काळातली गोष्ट. मालिनीताई हृदयाचे ठोके ऐकवणारं यंत्र दुरुस्त करत होत्या. बारीक आवाज मोठा करणाऱ्या चिपा, म्हणजे दोन ऑप-अँप, समोर होते, एक नवा चपळ, दुसरा जुना संथ.

"मलाच लावा," नवा म्हणाला. "त्या म्हाताऱ्याला काय ऐकू येणार?"

माणसाआधी यंत्र लाकडी टेबलाला लावून बघायचं, ही ताईंची रीत. नवा बसवताच स्पीकरमधून धडधड ऐकू आली. आपलीच नाडी असेल म्हणून ताईंनी टेबलावरचा हात झटकन उचलला, तरी ठोके चालूच.

"ऐकलंत? लाकूडही जिवंत आहे!" नवा म्हणाला.

ताईंनी त्याला काढून जुना बसवला. सगळं शांत झालं.

"इथं कुणी नाही, ताई," जुना हळूच म्हणाला.

ताईंनी यंत्र स्वतःच्या छातीला लावलं, तर ठोके स्पष्ट ऐकू आले. त्यांनी जुनाच ठेवला. नव्याला म्हणाल्या, "ते ठोके तुझे स्वतःचेच होते. मेलेल्याच्या छातीवरही तू असाच धडधडशील, आणि घरचे उशाशी वाट बघत बसतील."