नानासाहेबांचा शेवटचा नारळ

हिरव्यागार टेकडीच्या पायथ्याशी, पिवळ्याधमक बहाव्यांच्या सावलीत एक देखणं शहर होतं, झुळूकनगर. तिथल्या रस्त्यांना फुलांची नावं होती आणि चौकाचौकांत लाल-निळे दिवे चमचमत असत. एका गल्लीत मात्र दिवेही नव्हते आणि नळही नव्हता. ती चिंचोळी गल्ली. इतकी अरुंद, की बायका आपापल्या उंबऱ्यावर बसूनच समोरच्या घरची आमटी चाखत आणि मीठ कमी पडलंय, हेही सांगून टाकत.

त्या गल्लीत इवलीशी तुळसा तिच्या अनुआत्याबरोबर राहायची. आत्याचे गुडघे दुखायचे, म्हणून रोज सकाळी कमरेवर कळशी घेऊन तुळसाच फुलबागेतल्या नळावर जायची. तो नळ मोठा खट्याळ होता. शाळेची घंटा वाजली, की नेमकं तेव्हाच त्याला पाणी यायचं! तुळसा धापा टाकत वर्गात पोचे, तोवर कविता संपलेली असे. शेवटी बाई म्हणाल्या, "तुळसा, अशीच उशिरा येत राहिलीस, तर पटावरून तुझं नाव काढावं लागेल गं." तुळसाला फार वाईट वाटलं. आत्याला मात्र तिने काही सांगितलं नाही. उगाच आत्या दुखऱ्या गुडघ्यांनी पाण्याला निघाली असती.

एका रविवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून नळानेही यायला दुपार केली. तुळसा कळशी भरून निघाली, तोच बागेतल्या कोरड्या कारंज्यातून आवाज आला, "उचक्!"

तिने वाकून पाहिलं. आत बोटाएवढी एक परी बसली होती. तिचे पंख वाळक्या पानांसारखे चुरगळले होते आणि तिला उचकीवर उचकी लागत होती.

"अगंबाई, पाणी हवंय ना तुला?" तुळसाने ओंजळ भरून तिच्यापुढे धरली. परी घटाघटा पाणी प्यायली. मग अंगावर शिंतोडे उडवून घेत ती मनसोक्त न्हाली, आणि काय सांगू! पंख उलगडले, मोरपंखी, गुलाबी, सोनसळी! कारंजंभर चांदण्यांचा चुरा उडाला.

"माग, काय हवं ते!" परी म्हणाली.

"आमच्या गल्लीत नळ," तुळसा पटकन म्हणाली.

परीने डोकं खाजवलं. "देते गं, पण आमच्याकडे नियम फार. ज्या कामाचा नारळ निवडणुकीच्या उमेदवाराने फोडला असेल, तेच काम मला करता येतं. आणि पाचच्या ठोक्याला जे कुणाच्या उपयोगी पडत नसेल, ते विरून जातं. त्याच ठोक्याला मीही जाते."

उमेदवार म्हणजे नानासाहेब गडगडे. ते महापौरपदासाठी उभे होते आणि प्रचाराचा तो शेवटचा दिवस होता. पाचला सगळे भोंगे बंद व्हायचे होते. तुळसाने परीला वेणीत लपवलं आणि भरली कळशी सावरत ती मैदानाकडे पळत सुटली.

मंचावर कडक इस्त्रीचे, गोलमटोल नानासाहेब नारळांच्या पोत्याशेजारी उभे होते. "माझ्या कामांचा क्रम ऐका!" ते गरजले. "सर्वांत आधी भव्य पूल! मग गाणारी कमान! मग माझा, म्हणजे शहराचा, पुतळा!"

"आणि पाणी, नानासाहेब?" तुळसाने खालून विचारलं. "आमच्या गल्लीत नळाचा नारळ फोडा ना!"

"पाणी आहे की, बाळ! शेवटून पहिलं!" नानासाहेब गोड हसले. "पण तुमच्या गल्लीत मंच मावतो का? नाही ना? मग फोटो कुठे उभं राहून काढायचा?"

त्यांनी पुलाचा नारळ फोडला. खण्ण! मंचाखालून चंदेरी पूल सरसर उगवला. पूल कुठून कुठे जाणार, ते नानासाहेबांनी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तो त्यांना घेऊन उंच गेला आणि अधांतरी थांबला. "अरे वा!" म्हणत त्यांनी कमानीचाही नारळ फोडला. लगेच डोक्यावर जांभळी कमान उभी राहिली आणि ठणाणा गाऊ लागली, "नानासाहेब थोर! नानासाहेब थोर!"

त्या गडबडीत पोतं कलंडलं. नारळ खाली गडगडले, फुटले आणि पोरांनी खोबरं फस्त केलं. नानासाहेबांच्या हातात एकच उरला. वर ऊन मी म्हणत होतं. "वाचवा! पाणी!" ते ओरडू लागले, पण कमानीपुढे त्यांचं ऐकतो कोण? ते हात हलवताहेत असं वाटून लोकांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

तुळसाला मात्र त्यांचे सुकलेले ओठ दिसले. मांडववाल्यांची बांबूची शिडी पुलाला लावून ती कळशीसकट वर चढली. "घ्या, नानासाहेब."

आत्यासाठी भरलेलं पाणी त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. मग त्यांच्या जिवात जीव आला. "आता हा नारळ फोडतो आणि छानसा जिना मागतो!"

तुळसाचा चेहरा पडला. "एकच उरलाय हो. पाच वाजत आले. तुम्ही शिडीने उतरा ना. मी बोट धरते."

नानासाहेबांनी शिडीकडे पाहिलं. मग त्यांनी रिकाम्या कळशीकडे पाहिलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली. "एवढं पाणी तू रोज वाहतेस?" त्यांनी हळूच विचारलं. तुळसाने मान हलवली. नानासाहेबांनी नारळ बगलेत मारला, डोळे गच्च मिटले आणि "आई गं, आई गं" करत ते उतरले.

दोघं धावत गल्लीशी पोचले. नानासाहेब तिरके होऊन आत शिरले आणि अनुआत्याच्या दाराशी घट्ट अडकले. ना पुढे, ना मागे! तिथेच त्यांनी पायरीवर नारळ आपटला. खण्ण! भिंतीतून रुपेरी नळ डोकावला. सवयीने नानासाहेबांचं तोंड उघडलं, "माझ्या बंधू आणि भगिनींनो..."

"भाषण राहू द्या हो! कळशी धरा!" आत्या कडाडली. नळासमोर तेच अडकले होते, दुसरं कोण धरणार? पाणी झुळझुळत कळशीत पडलं आणि पाचचा ठोका झाला.

भोंगे गप्प झाले. पूल आणि कमान साबणाच्या फुग्यांसारखे फुटले. नळ मात्र वाहतच राहिला. वेणीतली परी भिरभिरत वर आली आणि तिने तुळसाच्या गालाला गाल लावला. "शाळेचं सांग आता आत्याला," ती कुजबुजली. मग अख्खी गल्ली सोनेरी उजेडाने न्हाऊन निघाली, आणि परी त्या उजेडात दिसेनाशी झाली.

तुळसाने रडत रडत सगळं सांगितलं. "वेडे, आधी का नाही बोललीस?" आत्याने तिला कुशीत घेतलं. "उद्यापासून दारातलं पाणी मी भरीन. तू घंटेच्या आधी जा." तिकडे साऱ्या बायका मिळून नानासाहेबांना मागे ओढत होत्या.

सोमवारी बाईंनी पट उघडला. तुळसाचं नाव येताच ती ताडकन उभी राहिली आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशी ओरडली, "हजर, बाई!"