मेव्हण्याचा गुळगुळीत कागद

एका सहकारी बँकेचे अध्यक्ष बाजीराव थोपटे यांना चेक छापण्यासाठी कागद निवडायचा होता. त्यासाठी त्यांना फार लांब जावं लागलं नाही; मेव्हण्याची कागद गिरणी होतीच. संचालकांच्या बैठकीत त्यांनी नमुना फिरवला.

“लिहिताना चूक झाली तर नुसतं खोडरबर फिरवा. शाईचा डागसुद्धा राहत नाही!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. संचालिका इंदुमती शेवाळे मात्र म्हणाल्या, “छान! मग आमच्या महिला मंडळाला तुमच्या खात्यातून शंभर रुपये वर्गणी द्या. चेक याच कागदावर लिहा. पुढची दुरुस्ती मंडळ करून घेईल.”

अध्यक्षांनी काढलेलं पेन परत खिशात गेलं.

“शंभर रुपयांना चेक कशाला, बाई? रोखच घ्या!”

तो कागद नाकारायला मग मतदानाची गरजच पडली नाही.