वस्तादांचं मांस

“तुम्ही पीत का न्हाई, वस्ताद?”

थंडाईचा तांब्या हिंदूरावाने तालमीच्या कट्ट्यावर आदळला. निम्मी सांडली. बदाम त्याने स्वतः पाट्यावर वाटले होते.

केरबा वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. एकेकाळी त्यांचा दंड दोन हातांत मावायचा नाही. पोटात कॅन्सरची गाठ निघाली आणि चार महिन्यांत दंडाचं मनगट झालं.

“पितोय की. अंगी लागत न्हाई.”

“का लागत न्हाई? म्हशीचं दूध हाय! घरचं तूप हाय!”

“डॉक्टरनं सांगितलंय तुला.”

सांगितलं होतं, आणि तेव्हापासूनच हिंदूरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गाठ म्हणे रक्तातून निरोप धाडते. तो मिळाला की स्नायू आपल्याच प्रथिनांवर खुणा करत सुटतो, तोडायच्या झाडांवर चुन्याचा पट्टा मारतात तशा. मग खूण झालेलं सगळं आतल्या आत तोडलं जातं. वरून कितीही ओता, तोड काही थांबत नाही.

“म्हंजे गद्दारच की हे मांस!” तो ओरडला. “तुमचं खाल्लं, तुमच्या जिवावर वाढलं, आन् ऐकतंय त्या गाठीचं! चाळीस वर्सं जोर-बैठका काढल्या त्या ह्याच्यासाठी?”

“मीच शिकवलंय त्याला. हुकूम आला की का म्हणून विचारायचं न्हाई.”

“थट्टा सुचतीया तुम्हाला!”

वस्तादांनी तांब्या बाजूला सारला.

“रविवारची कुस्ती सोडलीस म्हणं.”

“सोडली. लंगोट खुंटीला टांगला, तीन आठवडं झालं. असं उलटणारं अंग कमवायचं कशापायी?”

वस्ताद उठले. भिंत धरत आखाड्याच्या हौद्यात उतरले. चिमूटभर लाल माती कपाळाला लावली.

“ये. खडाखडी कर.”

“वस्ताद, तुम्हाला उभं ऱ्हावत न्हाई...”

“ये म्हणतो न्हवं!”

हिंदूराव उतरला. वस्तादांनी काटकुळा हात त्याच्या मानेवर टाकला आणि दाबला. कितीसा जोर तो! पण शंभर किलोच्या गड्याची मान लवली, लवत लवत छातीला टेकली. उलटा जोर लावायचा त्याला धीरच झाला नाही. डोळ्यांतलं पाणी मातीत टपटपलं.

वस्तादांनी हात काढला नाही.

“माझ्या मांसाला गाठीनं निरोप धाडला,” ते कडाडले. “तुझ्या धडधाकट मानेला कुणी धाडला रं?”