आक्कांनी मोडलेली एकादशी

"जन्मभर म्हणजे जन्मभरच का, आक्का? मध्ये एक दिवसाचीही सुटी नाही?"

नरहरीने महिन्याभरात हे कितव्यांदा तरी विचारलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला मधुमेह सांगितला होता, तोही इन्सुलिनशिवाय न भागणारा. तेव्हापासून ह्या तिशीच्या आतल्या गड्याने धसकाच घेतला होता. सुई चुकली तर? झोपेत साखर उतरली तर?

"नाही," आक्का म्हणाल्या. मठ त्यांचाच. ऐंशीच्या घरातही देवाची फुलं त्याच निवडत.

"पण आज एकादशी. आज मी पहिल्यासारखा राहणार. पाण्याचा थेंब नाही."

नरहरीच्या निर्जळी उपासाचं पंचक्रोशीत नाव होतं. त्याच तोऱ्यावर तो जगत होता.

"सकाळी सुई घेतलीस?"

"घेतली."

"आणि वर उपास?"

"सुईला भिऊन नेम सोडू?"

आक्का पुन्हा फुलं निवडू लागल्या.

दुपारच्या आरतीला नरहरीचे टाळ भलतेच वाजू लागले. कपाळ घामाने डबडबलं, हात लटपटू लागले.

"भाव दाटलाय," कुणीतरी पुटपुटलं.

आक्का ताडकन उठल्या. देवापुढची साखरेची वाटी त्यांनी पाण्याच्या तांब्यात उपडी केली, खळखळ हलवली आणि तांब्या नरहरीच्या ओठाला लावला.

"पी."

"आक्का... नैवेद्य दाखवायचाय अजून!"

"देवाला चक्कर आलेली नाही. पी."

तो प्याला. जरा वेळाने हात थांबले, आणि मग तो लहान मुलासारखा रडला.

"मोडला उपास. आता मी कोण उरलो, आक्का?"

आक्कांनी तांब्यात उरलेलं त्याचं उष्टं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. त्यांची एकादशी उभ्या हयातीत मोडली नव्हती. सगळा मठ बघतच राहिला.

"ह्याला भाकरी वाढा," त्या म्हणाल्या. "नरहरी, गळ्यातली माळ किती दिवसांसाठी घातलीस?"

"जन्मभरासाठी."

"मध्ये सुटी मागितलीस कधी?"

नरहरीने भाकरीचा तुकडा मोडला. तो हातातच राहिला.

"पुन्हा असं कापरं भरलं तर?"

"पुन्हा मोड."

"आणि देव रागावला तर?"

"त्याला म्हणावं, आक्काशी बोल."